चावी कोणाच्या हातात?

ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चिपळूणजवळ आपाच्या गावी गेलो होतो. शीरखुर्मा झाला, लहानग्यांना ईदी वाटून झाली आणि भाचा हातातली चावी बोटावर फिरवत समोर येऊन उभा राहिला. "मामू, चला ना, नव्या गाडीतून एक चक्कर मारून येऊ."

त्याला अठरा वर्षे पूर्ण होऊन चार महिने झाले होते. परवाना हातात पडून दोन महिने. गाडी दारात येऊन जेमतेम पंधरा दिवस. दुल्हाभाई वीस वर्षे दुबईत आहेत. मुलगा इंजिनिअरिंगला लागला याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथूनच पैसे पाठवले आणि मुलाला सांगितले, "तुला आवडेल ती घे." मुलाने टर्बो पेट्रोल इंजिनची मोठी एसयूव्ही घेतली. काचेवर सफरची दुआ सोनेरी अक्षरांत चिकटवलेली होती.

आम्ही पुढे बसलो. मागे दोन लहान भाच्या सीटवर उभ्या राहून काचेतून बाहेर बघत होत्या. गावातला रस्ता संपून महामार्गाचा नवा सिमेंटचा पट्टा लागला तशी गाडी जणू उडालीच. काटा 110 वर गेला. पुढे दुभाजक तुटलेला होता आणि तिथून एक म्हातारी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन रस्ता ओलांडत होती. भाच्याने हॉर्न वाजवला, ब्रेक दाबला आणि चाक एका बाजूला ओढले. मागच्या दोघी पुढच्या सीटवर आदळल्या. गाडीचा आरसा त्या बाईपासून हातभर अंतरावरून गेला. मोळी खाली पडली.

भाचा घाबरून हसला आणि गाडी पुढे नेली. त्याने गाडी थांबवली नाही. आम्हीही त्याला "थांब" म्हणालो नाही.

घरी आलो तेव्हा आपाने दारातच विचारले, "कसा चालवतो माझा मुलगा?"

आम्ही म्हणालो, "माशाअल्लाह, छान चालवतो."

या सदरातून आम्ही दर महिन्याला वाचकांना चार शब्द सांगतो. त्या दिवशी सख्ख्या बहिणीला एक खरे वाक्य सांगता आले नाही. ईदचा दिवस, मुलाचा उतरलेला चेहरा, परदेशात असलेल्या बापाचे मन, अशी बरीच कारणे आम्ही स्वतःलाच देऊन पाहिली. खरे कारण इतकेच होते की सगळ्यांच्या आनंदात आम्हाला कडवट व्हायचे नव्हते. आमचा अंदाज असा आहे की ज्या घरांतून तरुण मुलांचे जनाजे निघाले, त्यांतल्या अनेक घरांत असाच कुणीतरी एक मामू, चाचा किंवा शेजारी असेल, ज्याला सगळे दिसले होते आणि जो गप्प राहिला होता. म्हणून हा महिना या विषयाला.

आकडे काय सांगतात

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 4,61,312 अपघात झाले आणि त्यांत 1,68,491 माणसे दगावली. म्हणजे दर तासाला सुमारे 19 माणसे. एकट्या महाराष्ट्रात 15,224. देशातल्या मृतांपैकी दर तिघांत दोघे 18 ते 45 या वयातले, म्हणजे घराला कमावून घालणारे किंवा कमवायला लागण्याच्या उंबरठ्यावरचे. अठरा वर्षांखालची मुले 9,528. यांत वेगाशी संबंधित मृत्यू शेकडा 70 पेक्षा जास्त. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 ते 29 या वयोगटात मृत्यूचे पहिले कारण कोणताही आजार नसून रस्ता आहे.

मुलाला ताप आला तर आपण रात्री डॉक्टरांचे दार वाजवतो. त्याला नजर लागू नये म्हणून दुआ पढून फुंकर घालतो. आणि या वयातला सगळ्यात मोठा धोका मात्र आपण स्वतःच रिबीन बांधून, पेढे वाटून त्याच्या हातात देतो.

ताकद वाढली, पाय तोच

आमच्या पिढीने गाडी शिकली ती मारुती 800 वर. तिची ताकद होती 37 अश्वशक्तीच्या आसपास. चढाला लागली की एसी बंद करावा लागे. शिकाऊ माणसाने जोरात पाय दाबला तरी ती बिचारी धापा टाकत वेग घेई. चूक सुधारायला वेळ मिळत असे. आज मध्यम आकाराच्या एसयूव्हींमध्येही दीडशे-एकशे साठ अश्वशक्तीची इंजिने मिळतात. मोटरसायकलींचे तर विचारूच नका. 390-400 सीसीच्या ज्या गाड्यांवर आपली कॉलेजची मुले जीव टाकतात, त्यांची ताकद 40 ते 45 अश्वशक्ती आहे. म्हणजे मारुती 800 पेक्षा जास्त, आणि वजन तिच्या जवळपास चौथा हिस्सा. वर त्या ताकदीभोवती पत्र्याचा आडोसाही नाही.

इंजिन चौपट झाले, पण अठरा वर्षांच्या मुलाची नजर आणि पाय तसेच आहेत. ताशी 110 च्या वेगात गाडी एका सेकंदात 30 मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत निदान एक सेकंद जातो, अनेकदा दीड. तोवर गाडी पूर्ण वेगात पुढे गेलेली असते. त्यानंतर ब्रेक लागून कोरड्या रस्त्यावर गाडी उभी राहीपर्यंत आणखी 65-70 मीटर. सगळे मिळून शंभर मीटरच्या आसपास. हेच 50 च्या वेगात 30 मीटरच्या आत भागते. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते, हे मुलांना अकरावीच्या भौतिकशास्त्रात शिकवलेले असते. परीक्षेत ते बरोबर सोडवतात, रस्त्यावर विसरतात.

आणखी एक हिशोब घरात मोठ्याने सांगण्यासारखा आहे. 100 च्या वेगात भिंतीवर आदळणे म्हणजे तेराव्या मजल्यावरून जमिनीवर पडणे. 50 च्या वेगात तिसऱ्या मजल्यावरून. आपल्या मुलांना आपण गच्चीच्या कठड्यावर बसू देत नाही.

अनुभव म्हणजे नेमके काय

मुले म्हणतात, "मला चालवता येते." ते खरेच असते. क्लच, गिअर, रिव्हर्स, पार्किंग या गोष्टी ती आपल्यापेक्षा लवकर शिकतात. हात-पायांचे काम पंधरा दिवसांत येते. डोळ्यांचे काम यायला वर्षे लागतात.

थांब्यावर एसटी उभी दिसली की जुना चालक वेग कमी करतो, कारण एसटीच्या पुढून कुणीतरी धावत येणार हे त्याला ठाऊक असते. गल्लीतून चेंडू आला की त्याच्यामागे मूल येणार हेही. हंगामात रात्रीच्या रस्त्यावर ऊसाची ट्रॉली दिव्याशिवाय पुढे असू शकते, हे त्याने धरून ठेवलेले असते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिळून साबणासारखा थर होतो, तेव्हा रोजचे वळणही रोजच्या वेगात घ्यायचे नसते. दुभाजक तुटलेला दिसला की तिथून मोळीवाली येणार, हे त्याला मोळीवाली दिसण्याआधी कळते. नव्या चालकाला रस्ता मोकळा दिसतो, कारण अजून न दिसणारी माणसे मोजायला तो शिकलेला नसतो.

म्हणूनच एकट्याने गाडी चालवायला लागल्यानंतरचे पहिले काही महिने सगळ्यात धोक्याचे असतात. शेजारी त्याच वयाचे मित्र बसले की धोका आणखी वाढतो, आणि रात्र झाली की आणखी. जगातल्या अनेक देशांनी हे ओळखून कायदे बदलले. न्यूझीलंडने 1987 पासून टप्प्याटप्प्याने परवाना देणे सुरू केले. आधी शेजारी अनुभवी चालक हवाच. मग एकट्याने चालवता येते, पण रात्री 10 ते पहाटे 5 या वेळेत नाही, आणि मित्रांना बसवूनही नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या राज्यांत नव्या चालकाला वजनाच्या मानाने फार ताकदवान गाड्या चालवायला बंदी आहे. टनामागे 130 किलोवॉटची मर्यादा आहे. इटलीतही नव्या परवान्यावर इंजिनाच्या शक्तीची मर्यादा असते. युरोपात मोटरसायकलचा परवानाही पायऱ्यापायऱ्यांनी मिळतो. लहान इंजिन आधी, मोठे नंतर.

आपल्याकडे अशी पायरी नाही. शिकाऊ परवाना काढल्यावर 30 दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. त्याच परवान्यावर मुलगा जुनी अल्टोही चालवू शकतो आणि कोटीची स्पोर्ट्स कारही. कायद्याने जी पायरी बांधलेली नाही, ती घरालाच बांधावी लागणार आहे.

पुण्याची गोष्ट, आणि आपली

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे गाडी, तीही नोंदणी पूर्ण न झालेली. मोटरसायकलवरून जाणारे मध्य प्रदेशातले दोन तरुण इंजिनिअर, एक मुलगा आणि एक मुलगी, जागीच गेले. काही तासांत त्या अल्पवयीन मुलाला जामीन मिळाला आणि त्यात तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती, तेव्हा देश संतापला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला आणि वडील, आई, आजोबा, डॉक्टर अशी अटकेची रांगच लागली. कोण किती दोषी हे न्यायालय ठरवील.

दारू आणि पबचा भाग वाचून आपण सुटकेचा श्वास टाकतो. आपली मुले तशी नाहीत, अल्हम्दुलिल्लाह. श्रीमंतांची मुले, श्रीमंतांचे लाड, असे म्हणून आपण पान उलटतो. पण त्या गोष्टीतला दारूचा भाग बाजूला काढला तर उरते काय? वयापेक्षा मोठी गाडी, ती हाती देणारे घर, आणि नंतर मुलाला वाचवायला धावलेले तेच घर. हे तिन्ही आपल्याकडे आहेत. फक्त गाडी स्वस्त आहे.

आपल्या मोहल्ल्यातली चांदरात आठवा. सायलेन्सर काढलेल्या गाड्या, एकेका गाडीवर तिघे, डोक्यावर नवी टोपी पण हेल्मेट नाही. रमजानमध्ये तरावीहनंतर "जरा चक्कर मारून येतो" म्हणत निघालेली पोरे सहरीपर्यंत हायवेच्या ढाब्यावर असतात आणि झोपेने जडावलेल्या डोळ्यांनी परततात. बारातीत नवरदेवाच्या गाडीपुढे पळवल्या जाणाऱ्या गाड्या आठवा. पंधरा वर्षांच्या मुलाला "जा, अब्बांना मशिदीत सोडून ये" म्हणून स्कूटी देणारे घर आठवा. आम्हीही दिलेली आहे.

कायदा बापाला विचारतो

बऱ्याच घरांत समज आहे की सोळा वर्षांच्या मुलाला स्कूटी चालते. चालत नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीसाठी. बाजारातल्या नेहमीच्या स्कूटी 110-125 सीसीच्या असतात. त्यांना अठराच लागतात.

2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 199-अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. माझ्या नकळत किंवा मी रोखूनही हे घडले, असे सिद्ध करायची जबाबदारी पालकावरच असते. मुलगा अठरा वर्षांचा असेल पण परवाना नसेल, तरी गाडी देणाऱ्यावर वेगळ्या कलमाखाली कारवाई होते.

विम्याचेही ऐका. चालकाकडे वैध परवाना नसेल तर विमा कंपनी अपघातग्रस्ताच्या घरच्यांना भरपाई देऊन तीच रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. गेलेला माणूस कमावता असेल तर ती रक्कम लाखांत जाते. दुबईत वीस वर्षे उन्हात उभे राहून बांधलेले घर एका संध्याकाळी विकावे लागते.

दुल्हाभाईंना दुबईत परवाना मिळवायला तीन वेळा परीक्षा द्यावी लागली होती. तिथे ते वेगाची मर्यादा एका आकड्यानेही ओलांडत नाहीत, कारण कॅमेरा आहे आणि दंड पगारातून जातो. हे ते स्वतःच हसत हसत सांगतात. त्याच माणसाने मुलाला इथे न विचारता चावी दिली. इथे कॅमेरा नव्हता, आणि बापाची नजरही समुद्रापलीकडे होती.

काचेवरची दुआ

आता त्या सोनेरी अक्षरांकडे येऊ. सफरची ही दुआ सूरह जुखरुफमधली आहे. तिचा आशय असा की ज्याने हे वाहन आमच्या ताब्यात दिले तो पाक आहे, आमच्या स्वतःच्या बळावर आम्ही ते काबूत आणू शकलो नसतो, आणि आम्हाला आमच्या रबकडे परत जायचे आहे. वाहन माणसाच्या ताकदीबाहेरचे आहे ही कबुली, आणि लगेच मृत्यूची आठवण. ही दुआ पढून ज्याने पाय दाबला, त्याने ती पढली पण ऐकली नाही.

अपघात झाला की आपण म्हणतो, "लिहिलेले होते." तकदीरवर आपला ईमान आहेच. पण उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, असे सांगितल्याची हदीस तिर्मिजीत आहे. परवाना नसणे, पट्टा न लावणे, हेल्मेट आरशाला अडकवणे म्हणजे उंट मोकळा सोडणे. तकदीरचे नाव त्यावर लावू नये. घाई सैतानाकडून असते ही शिकवण, आणि हजरत लुकमान यांनी आपल्या मुलाला अकडून न चालता मध्यम चालीने चालण्याचा केलेला उपदेश, हे तर आपण मुलांना मक्तबमध्येच शिकवतो. पायाने चालण्याबद्दल जे सांगितले ते चाकाला लागू नाही काय?

दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न याहून गंभीर आहे. चुकून झालेल्या हत्येलाही कुरआनने मोकळे सोडलेले नाही. सूरह निसामध्ये त्यासाठी मृताच्या वारसांना दियत आणि वर कफ्फारा सांगितला आहे. गुलाम मुक्त करणे शक्य नसेल तर सलग दोन महिन्यांचे रोजे. 1993 मध्ये ब्रुनेईत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने वाहतूक अपघातांवर ठराव केला. वाहतुकीचे नियम पाळणे शरीअतनेही आवश्यक ठरते, आणि चालक आपल्या गाडीने दुसऱ्याच्या जिवाला किंवा मालाला केलेल्या नुकसानीस जबाबदार आहे, असे त्यात आहे. म्हणजे सिग्नल तोडणे ही फक्त पोलिसाला चुकवायची गोष्ट राहत नाही. त्याचा हिशोब दोन ठिकाणी द्यावा लागतो.

आणि प्रत्येक जण आपापल्या कळपाचा राखणदार आहे, त्याला त्याबद्दल विचारले जाईल, ही हदीस आपण बायको-मुलांच्या बाबतीत किती वेळा ऐकवतो! त्या राखणीत गाडीची चावीही येते.

घरात काय ठरवावे

पुढच्या गोष्टी आम्ही आमच्या घरापासून सुरू केल्या आहेत. वाचकांनी आपल्या घराप्रमाणे त्यांत बदल करावा.

परवान्याआधी चावी नाही. गल्लीत नाही, शेतात नाही, मशिदीपर्यंतही नाही. "इथल्या इथे" याच शब्दाने सगळे सुरू होते.

परवान्यानंतरचे पहिले वर्ष शिकण्याचेच समजावे. शेजारी घरातला मोठा माणूस. आधी दिवसा, ओळखीच्या रस्त्याने. मग पाऊस, मग घाट, मग महामार्ग आणि सगळ्यात शेवटी रात्र. एकेक पायरी नीट झाली की पुढची.

पहिली गाडी लहान आणि जुनी असावी. तिच्यावर ओरखडे पडले तरी मन दुखू नये. ताकदवान गाडी हे शिक्षणाचे किंवा निकालाचे बक्षीस असू नये. बक्षीसच द्यायचे तर चांगले आयएसआय मार्कचे हेल्मेट द्या, आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली लावायला लावा. 2022 मध्ये देशात हेल्मेट नसलेली 50 हजारांहून अधिक माणसे गेली, आणि त्यांत 14 हजारांहून अधिक मागे बसलेली होती.

गाडीत सगळ्यांनी पट्टा लावावा, मागच्यांनीही. मोठमोठ्या गाड्यांतली एअरबॅग पट्टा लावलेल्या माणसासाठी बनवलेली असते. उद्योगपती सायरस मिस्त्री 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघरजवळच्या अपघातात गेले, ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडी महागडी होती.

पहिल्या वर्षात रात्री दहानंतर गाडी नाही, गाडीत एकापेक्षा जास्त मित्र नाहीत, आणि रील काढणे तर कधीच नाही.

आयांना एक विनंती. मुलगा गाडी चालवत असताना "पोहोचलास का?" म्हणून फोन करू नका. तुमचा फोन तो उचलतोच, कारण तुम्ही आई आहात. निघताना एकदा आणि पोहोचल्यावर एकदा, बस. रमजानमध्ये "इफ्तारीच्या आत ये" असेही म्हणू नका. अजानच्या आधीच्या दहा मिनिटांत रस्त्यावर काय पळापळ असते ती आपण पाहतो. त्यापेक्षा गाडीत चार खजूर आणि पाण्याची बाटली ठेवून द्या. वेळ झाली की गाडी बाजूला लावून रोजा सोडावा आणि मग निघावे.

मुलाला एक शब्द द्या. "झोप येत असेल, थकला असशील, मित्र वेडेवाकडे चालवत असेल, तर रात्री कितीही वाजता फोन कर. मी घ्यायला येईन आणि त्या रात्री एक शब्दही रागावणार नाही." हा शब्द पाळा.

आणि अब्बांनी स्वतः पट्टा लावावा. मूल अठराव्या वर्षी गाडी शिकत नाही. मागच्या सीटवर बसून ते आपल्याकडून दहा वर्षे शिकत असते.

अपघात आपल्यासमोर झाला तर पळू नका. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याच्या 134-अ कलमाने संरक्षण दिले आहे. नाव सांगायचीही त्याच्यावर सक्ती नाही. 108 ला फोन करा. एक जीव वाचवणे म्हणजे सगळ्या माणसांना वाचवणे, ही सूरह माइदाची शिकवण आपण भाषणांत सांगतो. तिची परीक्षा रस्त्याच्या कडेला होते.

मोळीवाली

हा लेख लिहायला बसण्याआधी आम्ही आपाला फोन केला आणि त्या दिवशीचे सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याच दिवशी का नाही सांगितलंस? या दोन महिन्यांत काही झालं असतं तर?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

रात्री दुल्हाभाईंचा फोन आला. पहिल्यांदा चिडले, मग ऐकून घेतले. एसयूव्हीची चावी आता आपाच्या कपाटात आहे. भाचा त्याच्या चाचांची जुनी अल्टो चालवतो, तीही चाचा शेजारी असताना. पंधरा दिवस तो आमच्याशी बोलला नाही. मग एके दिवशी त्याचाच फोन आला. "मामू, त्या आजीची माफी मागायला हवी ना?"

बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ करावा लागतो, हे त्याला ठाऊक होते. गेल्या रविवारी आम्ही दोघे त्या दुभाजकाजवळ गेलो. कोपऱ्यावर चहाची टपरी आहे. टपरीवाल्या काकांना विचारले, "डोक्यावर मोळी घेऊन इथून एक म्हातारी जाते, ती कुठल्या वाडीतली?"

काका म्हणाले, "पलीकडच्या वाडीतल्या चार-पाच जणी रोज इथूनच जातात. त्यातली कुठली?"

भाच्याने आमच्याकडे पाहिले. आम्हाला सांगता आले नाही. 110 च्या वेगात आम्ही दोघांनीही तिचा चेहरा पाहिलेला नव्हता.

अल्लाह आपल्या मुलांना रस्त्यावर सुखरूप ठेवो, आणि आपल्या मुलांपासून रस्त्यावरच्या माणसांनाही सुखरूप ठेवो. आमीन.